रोहूचा नर आणि तो एक थेंब

पहाटेच हिडकल धरणाकडे निघाले. भुरभुर पाऊस. तळ्यावरचे मामा जाळं ओढतच म्हणाले, "अक्का, पोट नंतर दाबा. आधी छातीचा पर चोळून बघा." चोळला, तर कानशीसारखा खरखरीत. नर! पोटावरून अंगठा फिरवला आणि दुधासारखा पांढरा थेंब आला. किती वेळ बघतच राहिले मी.

त्या एका थेंबामागे महिन्यांची तयारी असते. मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स सुटतात. वृषणातल्या सर्टोली पेशी एफएसएचचा निरोप घेतात, लायडिग पेशी एलएचचा. मग माशांचा खास पुरुष-हार्मोन तयार होतो, ११-कीटोटेस्टोस्टेरॉन. निरोप झेलणारे रिसेप्टर आणि हार्मोन घडवणारी एन्झाइमं यांची जनुकं कधी किती जागी होतात, हेच मला मोजायचंय. म्हणून वृषणाचा मसुराएवढा तुकडा लगेच द्रावणात टाकला. जागं झालेलं जनुक आपली प्रत काढतं, तो आरएनए; तो फार लवकर मोडतो.

साचलेल्या तळ्यात रोहू आपणहून वीत नाही. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पियुषिकेचा अर्क टोचून कार्प माशांची वीण करून दाखवली, म्हणून आज मामांच्या हौदात पिल्लं आहेत. हे त्यांना अर्धं कानडीत, अर्धं मराठीत सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे सुईच्या आधी नर तयार झालाय का, ते तुम्ही सांगणार होय?"

हो मामा. अगदी तेच.

हाताला अजून माशाचा वास आहे. धुवावासा वाटत नाही.