वॉटलवरचे घाव

सकाळी नर्सरीत पाणी सोडत होते, तेवढ्यात फोन वाजला. "कुणीतरी माझी झाडं कुऱ्हाडीने फोडलीत. तू आत्ताच्या आत्ता ये." आवाज थरथरत होता. पाइप तसाच टाकून निघाले.

या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडलेली, एकट्याच राहतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला, लिझमोरच्या बाहेर त्यांची जमीन आहे. हा मुलूख एकेकाळी बिग स्क्रब नावाच्या दाट रानाखाली होता, सुमारे 75,000 हेक्टर. आधी रेड सीडरसाठी तोड झाली (हा सीडर म्हणजे आपल्या सह्याद्रीतला तूण, झाड तेच), मग दुभत्या गाईंच्या कुरणांसाठी उरलेलं साफ केलं. आज त्यातलं एक टक्काही शिल्लक नाही. बाईंच्या ओढ्याकाठी तर गुडघाभर किकुयू गवताशिवाय काही नव्हतं. आठ वर्षांपूर्वी तिथल्या अर्ध्या एकरात आम्ही सहाशे रोपं लावली, पावणेदोन मीटरला एक. निम्म्याहून जास्त पायोनियर. रान गेलेल्या उघड्या जागी रणरणत्या उन्हात सगळ्यात आधी पाय रोवणारी झाडं ती. ब्लीडिंग हार्ट, मॅकरँगा, ग्रीन वॉटल (वॉटल म्हणजे इथली बाभूळ). मॅकरँगा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कुडाळ आठवलं होतं. आमच्याकडच्या चांदाड्याचा तो भाऊबंद, तसंच ढालीसारखं गोल पान आणि देठ पानाच्या काठाला नाही, पोटात जोडलेला.

बाई फाटकातच उभ्या होत्या. काही न बोलता ओढ्याकडे घेऊन गेल्या.

पाच वॉटल फुटले होते. छातीच्या उंचीपासून वरपर्यंत बुंध्याला हात जाईल एवढे खड्डे, खाली ओल्या ढलप्यांचा खच. एक झाड तर त्या जागी मोडून आडवंच झालं होतं. पलीकडच्या शेजाऱ्याच्या गाई पूर्वी या ओढ्यावर पाण्याला यायच्या, कुंपण घातल्यापासून तो नाराज होता. बाईंनी मनात त्याचंच नाव पक्कं केलं होतं. पोलिसांत जायचं की नाही एवढंच ठरायचं बाकी होतं.

मी बुंध्यापाशी वाकले. कुऱ्हाडीचा घाव तिरका आणि सपाट बसतो. इथे लाकडाचे धागे ओरबाडून काढलेले. खड्ड्याच्या खाली लाकडाची एक लांब पट्टी सोललेली होती, पण तोडलेली नव्हती, फळीसारखी बाहेर लोंबत होती. आणि खड्ड्याच्या तळाशी बोटभर जाडीचा गुळगुळीत बोगदा, त्यात भुश्यासारखी विष्ठा. "हे माणसाचं काम नाही," मी म्हणाले. बाईंचा विश्वास बसला नाही.

अर्ध्या तासाने ओढ्याच्या वळणावरून लांबलचक, रडल्यासारखी हाक आली. तीन मोठे काळे काकाकुवा, गालावर आणि शेपटीत पिवळा पट्टा. त्यांतला एक आमच्यापासून पंधरा पावलांवरच्या वॉटलवर उतरला. बुंध्याला डोकं टेकवून थांबला. मग चोचीने लाकडाची पट्टी सोलली, खाली वाकवली, तिच्यावर पाय रोवून उभा राहिला आणि फोडायला लागला. ढलप्या आमच्या बुटांपर्यंत उडत होत्या. शेवटी त्याने एक जाडजूड पांढरी अळी ओढून काढली, पायात धरली आणि सावकाश खाल्ली. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

पक्षी उडाले तसा दुसरा प्रश्न आला. "म्हणजे झाडं किडलेलीच होती. तू मला किडकी रोपं दिलीस?"

रोपं चांगली होती. पण ग्रीन वॉटलचं आयुष्यच दहा-पंधरा वर्षांचं. भरभर वाढतो, मग भुंगेऱ्यांच्या आणि पतंगांच्या अळ्या बुंधा पोखरतात, त्यांच्यामागे काकाकुवा येतात. मला हे ठाऊक होतं. तेव्हा मी त्यांना सांगितलं नव्हतं. रोपाच्या लेबलवर उंची असते, फुलाचा रंग असतो, वय कधीच नसतं. इथल्या बहुतेक नर्सऱ्यांत हेच चालतं आणि मला ते चूक वाटतं. हौसेने वाढवलेलं झाड आठव्या वर्षी डोळ्यांदेखत वाळलं की माणसाचं मन मोडतं. मी त्यांची माफी मागितली.

मग त्यांना मोडलेल्या वॉटलखाली बसवलं. किकुयूची एक काडी तिथे नव्हती, सावलीने ते कधीच मारून टाकलं होतं. पाचोळा बाजूला केला. शेजारी वॉटलचंच वीतभर रोप उगवलं होतं, ते मुळासकट उपटलं. भुईमुगाला असतात तशा गाठी. एक नखाने फोडली, आतून गुलाबी. हवेतला नायट्रोजन धरणारे जिवाणू त्यात राहतात, आणि झाड मेलं की ती कमाई मातीत उरते. लहानपणी आमच्या डोंगरावर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली काही उगवत नाही, असं ऐकत मोठी झाले. त्यामुळे इथे आल्यावर मी वॉटलकडे आकसानेच बघायचे. तो आकस जायला मला दोन वर्षं लागली.

बाईंकडे लागवडीची वही आहे, सहाशेच्या सहाशे रोपांची नोंद. ती मांडीवर घेऊन आम्ही मोजत सुटलो. दोन पावलांच्या चौकोनात अकरा रोपं, आणि त्यांतलं एकही वहीत नाही. ब्लीडिंग हार्टच्या बियांसाठी कबुतरं येतात, बसल्या जागी दुसरीकडचं बी टाकून जातात. ग्विओआ होता, व्हाइट सीडर होता (म्हणजे आपला बकाण निंब). एक टपोरं, खडबडीत कोय सापडलं. ते ब्लू क्वाँडाँगचं होतं. त्याच्यावरचे खोल सुरकुतलेले खळगे बघून माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. रुद्राक्षाच्याच जातकुळीतलं झाड ते. आईच्या माळेत असले मणी होते, बाईंना सांगितलं. त्यांनी ते कोय खिशात घातलं.

वाळलेली झाडं सगळी काढून टाकू का, त्यांनी विचारलं. वाटेवर कललेलं तेवढं एक काढा, म्हटलं, बाकीची उभी राहू देत. काकाकुवांना अजून महिनाभराचं खाणं आहे त्यात. मात्र जिथे ऊन खाली उतरलंय तिथे दर पंधरवड्याला फेरी मारायची, कारण पक्षी कापराच्या झाडाचं बीही आणतात आणि घाणेरीचंही. दोन्ही इथली नव्हेत, आणि बोटभर असतानाच उपटली तर हाताला येतात.

सीडर मात्र मी मुद्दाम दाखवला. घरापुढे मोकळ्यावर लावलेल्या सीडरचा शेंडा दरवर्षी अळीने खाल्लेला, त्यामुळे झाड झाडूसारखं फांद्यांनी पसरलेलं. ओढ्याकाठचे दोन, वॉटलच्या सावलीत वाढलेले, सरळसोट वर गेलेले. बाई बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या.

निघताना त्यांनी नवी यादी दिली. मोकळ्या झालेल्या जागांत चाळीस रोपं, जास्त आयुष्याची. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे गवत अजून हटलेलं नाही, तिथे सहा ग्रीन वॉटल.

"दहा वर्षांचे," मी म्हणाले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि शेजाऱ्याच्या फाटकाकडे चालू लागल्या.