घोटा, सूज आणि नातेवाइकांची घाई

घोटा मोडलेल्या पेशंटच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, ऑपरेशन आजच ना?" नाही म्हटलं की चेहरे उतरतात. गंमत म्हणजे हीच मंडळी तासाभरापूर्वी, मी निखळलेला सांधा बसवायला गेले तेव्हा, "आधी एक्स-रे तर होऊ द्या" म्हणून मला अडवत होती. घाई आणि सबुरी दोन्ही असतात त्यांच्याकडे, फक्त वेळा उलट्या.

पूर्ण निखळलेला घोटा डोळ्यांनाच दिसतो. पाऊल नडगीच्या रेषेतून सरकलेलं आणि आतल्या हाडावरची कातडी ताणून पांढरीफटक. मला त्या पांढऱ्या रंगाची धास्ती वाटते. तिथला रक्तपुरवठा थांबलेला असतो. तसंच राहिलं तर कातडी मरते आणि आतल्या फ्रॅक्चरला उघडी जखम होते. अशा वेळी एक्स-रेच्या रांगेत थांबायचं नाही. नाडी आणि बोटांची संवेदना बघायची, दुखणं थांबवून गुंगी द्यायची आणि सांधा बसवायचा.

गुडघा वाकवलेला हवा. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर सुरू होतो आणि टाचेला येऊन चिकटतो, त्यामुळे पाय सरळ असला की तो टाच घट्ट ओढून धरतो. मदतनीस मांडी धरतो, मी टाच आणि पाऊल धरून ओढते, मग हाताला खट्कन जाणवतं. कातडी परत गुलाबी होते. पुन्हा नाडी बघायची आणि लगेच प्लास्टर, पण गोल नाही, मागून नुसता स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर. सूज अजून वाढायची असते, गोल प्लास्टरमध्ये तिला जागाच नसते. पाऊल काटकोनात. (पट्ट्या गरम पाण्यात बुडवू नका, असं मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला सांगते. लवकर वाळावं म्हणून बुडवतात, पण प्लास्टर घट्ट होताना स्वतःच तापतं आणि खालची कातडी भाजू शकते.)

आणि मग थांबायचं. फुगलेल्या कातडीवर चीर घेतली तर टाके ताणतात, जखम चिघळते. पाय उशांवर छातीपेक्षा वर. कधी पाण्याने भरलेले फोड येतात, त्यांचीही वाट बघायची. राउंडला मी घोट्याची कातडी बघते. बारीक सुरकुत्या दिसल्या की ऑपरेशनची तारीख देते. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन. हाड उघडं पडलं असेल किंवा बसवलेला सांधा जागेवर राहतच नसेल, तर मात्र थांबत नाही; गरज पडल्यास बाहेरून फ्रेम लावून ठेवतो. स्लॅबमध्ये दुखणं औषधाला दाद देईना, बोटं बधिर झाली, किंवा दुसऱ्याने हलकेच ताणली तरी जीव जातो, असं झालं तर मध्यरात्रीही या.

"बोटं हलतात म्हणजे मोडलेलं नाही" हे कुणी पसरवलं कोण जाणे. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू नडगीत असतात, त्यांच्या दोऱ्या घोट्याच्या बाजूने नुसत्या पुढे जातात. घोटा मोडला तरी बोटं हलतात. त्यापेक्षा १९९२ साली कॅनडात ठरलेले ओटावा नियम कामाचे: आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेवर, टोकापासून ६ सेंटीमीटरपर्यंत, दाबल्यावर हाडच दुखतं का? चार पावलं टाकता येतात का? पहिल्याचं उत्तर हो किंवा दुसऱ्याचं नाही आलं, तर एक्स-रे काढायचाच.

सगळ्यात चकवणारी दुखापत मात्र घोट्यात नसतेच. पावलाच्या मधोमध लिस्फ्रँकचे सांधे असतात. लिस्फ्रँक हे नेपोलियनच्या सैन्यातले सर्जन; त्यांनी त्या रेषेतून पाऊल कापायची पद्धत सांगितली आणि नाव सांध्यांना चिकटलं. तिथली लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारी पट्टी, तुटली तर पेशंट "मुरगळलंय" म्हणत लंगडत येतो. मी तळवा उलटा करून बघते. मधोमध निळाजांभळा डाग असला तर उभं राहून, पायावर भार देऊन एक्स-रे काढायला लावते. पेशंट माझ्याकडे शत्रूसारखा बघतो, पण झोपून काढलेल्या फोटोत दोन हाडांमध्ये पडलेली फट कित्येकदा दिसतच नाही.