समईच्या ज्योतीभोवतीचे खळे

लेसरने चष्म्याचा नंबर काढून घेण्याच्या विचारात असलेले ओळखीचे लोक, आणि अलीकडे त्यांचे आईवडीलही, मला एकच प्रश्न विचारतात: शस्त्रक्रियेनंतर रात्री दिव्यांभोवती वर्तुळे दिसतात म्हणे, ते खरे का, आणि ती पुढे जातात का? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो. ते खरे आहे. पुष्कळांना ती काही महिन्यांत कमी होत जातात. माझ्या उजव्या डोळ्याची गेली. डाव्याची ११ वर्षांनंतरही पूर्ण गेलेली नाहीत.

माझा नंबर उजव्या डोळ्याला उणे ५ आणि डाव्याला उणे ६.५ होता. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी तक्त्यावरची अगदी खालची ओळ वाचली आणि घरात पेढे वाटले गेले. तीन आठवड्यांनी दिवाळी आली. आईने समई लावली आणि थोड्याच वेळात वीज गेली, तेव्हा समोरच्या पाच वाती मला मोजता येईनात. चंद्राला खळे पडते तसे प्रत्येक ज्योतीभोवती फिकट पिवळे कडे होते आणि ती कडी एकमेकांत मिसळून समईच्या डोक्यावर एकच धुरकट गोळा झाला होता. उजवा डोळा झाकला की तो गोळा मोठा होई, डावा झाकला की लहान. पुढच्याच महिन्यात पेठ रस्त्यावर रात्री गाडी चालवताना समोरून आलेल्या ट्रकचे दोन दिवे असेच एक झाले, त्यांतून चहूकडे किरण फुटले, आणि माझ्या बाजूने कडेला चाललेला सायकलस्वार ट्रक निघून जाईपर्यंत मला दिसलाच नाही. त्या रात्री मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिलो.

शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे हे सांगितले, तेव्हा “तुम्हाला ६/६ दिसते आहे, सवय होईल” एवढेच उत्तर मिळाले. या उत्तराबद्दल मला आजही राग आहे, कारण ते अर्धेच आहे. उजेडाच्या तक्त्यावर पांढऱ्यावरची काळीभोर अक्षरे वाचता येणे वेगळे आणि अंधारात दिव्याशेजारची माणसाची आकृती ओळखता येणे वेगळे. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला डोळा दुसऱ्या परीक्षेत अडखळू शकतो, आणि रुग्ण ते सांगत असेल तर त्याच्या मनाचे खेळ समजून ते उडवून लावू नये.

याचे कारण डोळ्याच्या बाहुलीत आहे. लेसर पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, मधल्या भागाला नवा आकार देतो. हा पूर्ण दुरुस्त झालेला भाग साधारण ६ ते ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. भर उन्हात बाहुली २-३ मिलिमीटरची होते, तेव्हा सगळा प्रकाश या दुरुस्त भागातूनच आत जातो. तरुण माणसाची बाहुली मात्र अंधारात ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी उघडू शकते. ६ मिलिमीटरच्या दुरुस्त भागासमोर ७ मिलिमीटरची बाहुली ठेवून क्षेत्रफळाचा सरळ हिशेब केला, तर जवळजवळ चौथा हिस्सा दुरुस्तीच्या कडेबाहेर पडतो. तिथून आलेले किरण मधल्या किरणांच्या जागी एकत्र येत नाहीत आणि दृष्टिपटलावर (डोळ्याच्या मागच्या पडद्यावर) दिव्याभोवती कडे उमटते. मग दुरुस्त भाग मोठाच का करत नाहीत? कारण व्यास वाढला की झिजवायची खोली त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ढोबळमानाने ६ मिलिमीटरला प्रत्येक नंबरामागे १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जातात, म्हणजे माझ्या डाव्या डोळ्याला ७८, आणि मुळात पारपटलाची जाडीच सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणून मोठा नंबर आणि मोठी बाहुली एकाच डोळ्यात असतील तर आधीच विचार करावा.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मला अंधाऱ्या खोलीत बसवून एका बारीक दिव्याकडे पाहायला लावले. डोळ्यासमोर टाचणीएवढ्या छिद्राचा पुठ्ठा धरताच खळे नाहीसे झाले. म्हणजे दोष प्रकाशाच्या वाटेतला होता. डोळे मिचकावल्यावर क्षणभर ते आक्रसे आणि पुन्हा पसरे. म्हणजे अश्रूंचा थर टिकत नव्हता. उणे ०.५ ची काच लावल्यावर ते निम्मे झाले. म्हणजे थोडा नंबर उरला होता. तीन कारणे एका डोळ्यात होती आणि त्यांपैकी दोनांवर उपाय होता. थेंब मी नियमाने घालू लागलो आणि उणे ०.५ चा चष्मा गाडीतच ठेवला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी खळी न दिसणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी ती दिसत होती. त्याच अभ्यासात, अशा त्रासांमुळे रोजची कामे फार अवघड झालेले लोक एक टक्क्याहून कमी होते, आणि आधी त्रास असलेल्या अनेकांचा तो गेलाही होता. हे दोन्ही आकडे एकत्र ऐकावेत, असे मी प्रत्येकाला सांगतो. आणि आपली बाहुली अंधारात मोजून घ्या, दुरुस्त भाग किती मिलिमीटरचा ठेवणार ते विचारा, डोळे आधीच कोरडे असतील तर प्रथम त्यावर उपचार करून घ्या.

वर्षानुवर्षे स्थिर असलेली खळी वाढू लागली, तर मात्र सवयीची वाट पाहू नये. पारपटल पुढे फुगत असेल किंवा मोतीबिंदू धरू लागला असेल, तर ते तपासणीतच कळते. माझ्या पारपटलाचा नकाशा मी दर दिवाळीनंतर काढून घेतो आणि मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवून पाहतो.