दोन ५४ पैकी एक मी

मार्चमध्ये आमच्या विभागातल्या अकरा जणांचा लेऑफ झाला. त्यात मी होते. सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी जाताना मिळणाऱ्या पैशांच्या कागदांसोबत एक यादी आली. नाव कुणाचंच नाही, फक्त हुद्दा आणि वय. कोण गेलं, कोण राहिलं. गेलेल्यांत ५२, ५४, ५४, ५७, ६१... अकरांपैकी आठ जण पन्नाशीपुढचे. राहिलेले बहुतेक तिशीतले. त्या दोन ५४ पैकी एक मी.

अमेरिकेत ही यादी कायद्यानेच द्यावी लागते. चाळिशी ओलांडलेल्यांशी वयावरून भेदभाव करायला १९६७ पासून बंदी आहे. पुढे १९९० च्या कायद्याने ठरवलं, की बऱ्याच जणांना एकदम काढताना दाव्याचा हक्क सोडल्याची सही हवी असेल तर वयं दाखवायची, विचाराला ४५ दिवस द्यायचे आणि सहीनंतरही ७ दिवस माघार घेता आली पाहिजे. वाचायला छान वाटतं. पण २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून, वय आड आलं नसतं तर नोकरी गेलीच नसती, हे आपणच सिद्ध करायचं असतं. मी वकिलाला भेटले, आणि सही केली.

मला लिहायचंय ते त्याआधीच्या दोन वर्षांबद्दल. कुणी वाईट बोललं नाही. नवीन टूल आलं की मॅनेजर म्हणायचा, "तू राहू दे, हे मुलं बघतील." आपुलकीने म्हणायचा. हळूहळू मी मीटिंगमध्ये प्रश्न विचारणं सोडलं. अठ्ठावीस वर्षांच्या पोराने विचारलं तर तो जिज्ञासू; मी विचारलं तर वय झालं, अशी भीती बसली. विचारलं नाही म्हणून शिकले नाही, आणि शिकले नाही म्हणून खरंच मागे पडले. एकदा पासवर्ड विसरले तर रात्रभर झोप नाही. सांगलीला लहानपणी आजोबांचा चष्मा हरवला की आम्ही पोरं ओरडायचो, "साठी बुद्धी नाठी!" तेच शब्द आता माझ्याच डोक्यात घुमत होते.

येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी यावरच संशोधन केलंय. म्हातारपणाबद्दलचे वाईट शब्द नकळत डोळ्यांपुढून गेले तरी वयस्कांची स्मरणशक्ती चाचणीत खालावते, असं त्यांना दिसलं. २००२ साली त्यांनी मांडलं, की स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. हे वाचलं तेव्हा आजोबांची फार आठवण आली.

मी इथे आले १९९९ साली, वायटूकेच्या कामाला, म्हणजे २००० साल लागताना संगणकांच्या तारखा चुकू नयेत म्हणून चाललेल्या दुरुस्तीला. तेव्हा कोबोल ही जुनी संगणकभाषा येणाऱ्या निवृत्तांना घरून बोलावून आणलं होतं, आणि मी काम शिकले ते त्यांच्याचकडून. एप्रिल २०२० मध्ये आमच्या न्यू जर्सीत बेरोजगार भत्त्याची चाळीस वर्षांपूर्वीची यंत्रणा अर्जांच्या ओझ्याखाली दबली, तेव्हा गव्हर्नर मर्फींनी टीव्हीवरून कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना हाक दिली. म्हणजे अडलं की पांढरे केस आठवतात.

आता लायब्ररीतल्या नोकरी-शोध गटात सांगतात: रेझ्युमेतून पदवीचं साल काढा, कामाची शेवटची पंधरा वर्षंच ठेवा, केस रंगवा. सल्ला चुकीचा नाही. संशोधकांनी ४०,००० हून जास्त बनावट अर्ज पाठवून पाहिलं, तेव्हा ऑफिसातल्या प्रशासकीय जागांसाठी पासष्टीच्या बायकांना तरुणींच्या जेमतेम निम्मी बोलावणी आली. मीही साल काढलं. पण १९९९ ते २०१० पुसताना हात थांबला. वायटूकेची रात्र, बँकेचं पहिलं मोठं मायग्रेशन, मुलगी पोटात असताना केलेलं रिलीज, सगळं त्याच वर्षांतलं. ती वर्षं मी राहू दिली.

परवाच्या बैठकीत क्लाउडबद्दल शिकवत होते. मला एक गोष्ट कळली नाही. हात वर केला आणि विचारलं. शेजारच्या एकसष्टीच्या बाईंनी लगेच वहीचं पान उलटलं. त्यांनाही तेच विचारायचं होतं.