हाउलसन हिल : गावाने सांभाळलेली उडीची टेकडी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील स्टीमबोट स्प्रिंग्ज या गावाच्या मुख्य रस्त्यावरून पाहिले, की याम्पा नदीपलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर, स्की जंपिंगची, म्हणजे पायांना स्की बांधून उतारावरून वेग घेत हवेत लांब झेप घेण्याच्या खेळाची, एक टेकडी दिसते. हाउलसन हिल हे तिचे नाव. 1915पासून तिथे स्कीइंग अखंड चालू आहे आणि ती आजही नगरपालिकेच्याच मालकीची आहे. या टेकडीविषयी लिहिताना बहुतेक जण विक्रमांपासून सुरुवात करतात. मला मात्र तिचे खरे मोठेपण मोठ्या जंपच्या, म्हणजे उडीसाठी बांधलेल्या उताराच्या, शेजारी असलेल्या लहान जंपांमध्ये दिसते.

ज्याच्या नावाने ती ओळखली जाते, तो कार्ल हाउलसन मूळचा नॉर्वेचा. 1903 साली तिथल्या होल्मेनकोलेनच्या प्रतिष्ठेच्या स्की स्पर्धेत यश मिळवून तो 1905मध्ये अमेरिकेत आला आणि पोटासाठी गवंडीकाम करू लागला. 1907मध्ये बार्नम अँड बेली सर्कसने त्याला करारबद्ध केले. भर तंबूत बर्फ कुठून आणणार? म्हणून लाकडी घसरगुंडीवर व्हॅसलीन फासले जाई आणि त्यावरून वेगाने घसरत येऊन हा माणूस प्रेक्षकांसमोर हवेत झेप घेई. त्या कसरतीत फार काळ न रमता तो कोलोरॅडोत आला, 1913च्या सुमारास स्टीमबोटला स्थायिक झाला आणि 1914च्या फेब्रुवारीत त्याने तिथे पहिला हिवाळी उत्सव भरवला. त्या वर्षीची उडी गावातल्या वुडचक हिलवर झाली. नदीपलीकडची आजची टेकडी त्यानंतरची, आणि तिला हाउलसनचे नाव मिळाले ते 1917मध्ये.

हाउलसनने गावातल्या पोरांना उडी शिकवली, हे मला त्याच्या सर्व पदकांहून मोलाचे वाटते. स्की जंपिंगमधले धाडस दिसते तितके आंधळे नसते. वरच्या उतारावर वेग घेतल्यावर कडेवरून झेपावलेला खेळाडू हवेत खूप उंच जात नाही. खालचा उतार त्याच्या उड्डाणाच्या वक्रालाच धरून बांधलेला असतो, त्यामुळे पाय टेकताना बसणारा धक्का पुष्कळच कमी होतो. हाच नियम काही मीटरच्या उडीलाही लागू पडतो. त्यामुळे लहान मूल सर्वांत छोट्या जंपवर सुरुवात करते, तिथे शरीराला सवय झाली की पुढच्या जंपवर जाते, आणि भीतीला आवर घालणे टप्प्याटप्प्याने शिकते. शाळा सुटल्यावर पायी जाता येईल इतक्या अंतरावर ही सोय असणे, यातच या गावाची सारी पुण्याई आहे.

विक्रमही झाले. 1916मध्ये रॅग्नार ओम्टवेटने इथे 192 फुटांहून लांब उडी मारली आणि पुढच्याच वर्षी हेन्री हॉलने 203 फुटांवर मजल मारली. हाउलसन स्वतः 1922मध्ये नॉर्वेला परतला, तो तिकडेच राहिला. पण शिकवण्याची परंपरा गावच्या विंटर स्पोर्ट्स क्लबने चालू ठेवली. 2010च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये नॉर्डिक कंबाइंड, म्हणजे उडी आणि लांब पल्ल्याची स्की शर्यत यांच्या जोड क्रीडाप्रकारात, जॉनी स्पिलेनने तीन रौप्यपदके जिंकली. त्यांतले एक सांघिक होते आणि त्या चौघांच्या संघात टॉड लॉडविकही होता. दोघेही स्टीमबोटचेच.

टेकडी टिकवणे मात्र सोपे नव्हते. 1972मध्ये जंप आगीत सापडला आणि तो त्याच दशकात पुन्हा उभारावा लागला. इथली माती भुसभुशीत असल्यामुळे दरडी वारंवार सरकतात, आणि ज्या खेळात उताराच्या आकारावर सुरक्षितता अवलंबून असते तिथे ही गोष्ट किरकोळ नाही. देखभालीचा खर्च तिकिटांतून भरून निघत नाही, म्हणून ही टेकडी परवडते का, हा वाद गावात अधूनमधून उठतोच. माझ्या मते हा हिशेब वाचनालयाचा किंवा बागेचा मांडतो तसा मांडायला हवा. त्यातून नफा किती झाला हे कोणी विचारत नाही. नगरपालिकेनेही अलीकडच्या काळात काहीसा असाच कौल दिलेला दिसतो : 2021मध्ये स्कीपटूंना वर नेणारी जुनी चेअरलिफ्ट (खुर्च्यांचा रोपवे) बदलण्यात आली, आणि हिवाळ्यातल्या रविवारी तिथे कोणालाही विनामूल्य स्कीइंग करू देण्याचा उपक्रमही सुरू झाला आहे.