हे फ्यूजन नव्हे

'जुनून' हा अल्बम फ्यूजन आहे की नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गिटारच्या क्लासमध्ये मी 'जुनून' लावला की कोणी ना कोणी म्हणतंच, "सर, हे शेवटी फ्यूजनच ना? परदेशी रॉकवाला आला, आपल्या कलाकारांना घेतलं आणि वर स्वतःचं वाजवलं."

मला तसं वाटत नाही. का, ते गिटार शिकणाऱ्याला तरी नीट कळायला हवं.

जॉनी ग्रीनवुड हा रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा गिटारिस्ट. 2015 च्या सुरुवातीला तो जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात या अल्बमच्या ध्वनिमुद्रणासाठी आला, सोबत रेडिओहेडचाच निर्माता नायजेल गॉडरिच. पण गाणी शाय बेन त्सूरची. हा मूळचा इस्रायलचा. जेरुसलेममध्ये हरिप्रसाद चौरसिया आणि झाकीर हुसेन यांची मैफल ऐकली आणि तो भारतात आला, वर्षानुवर्षं राहिला, हिब्रूत कव्वाल्या रचू लागला. गायला-वाजवायला कव्वाल, राजस्थानचे मांगणियार लोककलाकार आणि ब्रास बँडवाले. सगळे मिळून 'राजस्थान एक्स्प्रेस'. अल्बमवर पहिलं नाव बेन त्सूरचं आहे, ग्रीनवुडचं दुसरं.

आता मुद्द्याची गोष्ट: कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले तीन किंवा जास्त स्वर.

सी हा सा धरून शुद्ध गंधार (ग) लावा. त्याच्याखाली सी मेजर वाजवला तर तो कॉर्डचा तिसरा स्वर. ए मायनर वाजवला तर तोच पाचवा. ई मायनर वाजवला तर तोच मूळ स्वर. गंधार जागचा हलला नाही, पण प्रत्येक वेळी त्याचं घर बदललं. रागात असं चालत नाही. तिथे प्रत्येक स्वराचं नातं एकट्या षड्जाशी, म्हणजे सा शी, आणि त्या नात्यातूनच त्याचा भाव येतो. आपल्याकडच्या पुष्कळ फ्यूजनमध्ये वर सतार किंवा आलाप आणि खाली कीबोर्डवर दर मात्रेला कॉर्ड बदलत असतात. ऐकायला गोड लागतं, पण सा हरवतो, आणि मग रागाचे नुसते स्वर उरतात. मला याचा मनापासून त्रास होतो.

ग्रीनवुडने हे जाणूनबुजून टाळलं. हार्मनी, म्हणजे अनेक स्वर एकत्र जुळवणं, हा ज्याचा हातखंडा, ऑर्केस्ट्रासाठी जो संगीत लिहितो, त्याने इथे कॉर्ड जवळजवळ बाजूला ठेवले. गिटार, बास आणि यंत्रावर रचलेले ठेके आधारापुरते. स्वतःच्या बँडबाहेर जाऊन नवं वाजवणारे खूप असतात. आपली सर्वांत मोठी ताकद मागे ठेवणारे मी फार कमी पाहिलेत. माझ्या मते या प्रकल्पातला खरा प्रयोग हाच.

अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसनने या दिवसांवर 'जुनून' याच नावाचा माहितीपट केलाय. त्यात सगळे जमिनीवर गोलात बसलेत, वीज जाते, खोलीत कबुतरं शिरतात, आणि ग्रीनवुड फारसा बोलतच नाही. रेडिओहेडच्या नावामुळेच ही गाणी जगभर पोचली, हे मात्र खरं. 2018 मध्ये अमेरिकेत रेडिओहेडच्या कार्यक्रमांआधी हीच मंडळी वाजवत होती.

अल्बममध्ये 'चाला वाही देस' आहे. हृदयनाथांच्या चालीत लताबाईंनी गायलेलं मीरेचं पद आपल्या कानात पक्कं बसलेलं. इथे अफशाना खान आणि रझिया सुलतान गातात, मोकळ्या, खड्या आवाजात. तुलना करू नका. आधी एकदा नुसतं त्या दोघींना ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना गिटार कुठे आहे ते शोधा, आणि ते कुठे थांबतं ते वहीत लिहून आणा.