आमची वाटचाल : चार खुंट आणि एक टेप

प्रत्येक विक्रीपत्रात चतुःसीमेचा एक छोटा परिच्छेद असतो. पूर्वेस ३० फुटी रस्ता, पश्चिमेस अमुक खसऱ्याची (शेताच्या भूमापन क्रमांकाची) हद्द, उत्तरेस व दक्षिणेस अमुक क्रमांकाचे प्लॉट. खरेदीदार किंमत वाचतो, स्वतःच्या नावाची वेलांटी तपासतो, फोटो सरळ लागला आहे की नाही हेही पाहतो. या चार ओळींवरून मात्र त्याची नजर घसरत पुढे जाते. प्लॉट खरेदी-विक्रीच्या आमच्या फर्मची बावीस वर्षे बहुतांशी या चार ओळींभोवतीच गेली आहेत.

माझे वडील दस्तलेखक होते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कडुनिंबाखाली त्यांचे टेबल असे. पक्षकार समोर बसला की ते मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका विचारून घेत, आणि चतुःसीमेपाशी आल्यावर कागदातून मान वर न काढता विचारत, "पश्चिमेस काय आहे, काकाजी?" पक्षकार चाचरला, तर बाबा पेनला टोपण लावत आणि त्याला आधी जागा पाहून यायला सांगत. त्यामुळे त्यांची गिऱ्हाइके शेजारच्या टेबलावर जात. आई यावरून त्यांना बरेच बोलत असे, आणि तिचेही चूक नव्हते, कारण घर त्याच टेबलावर चालत होते.

मी आणि माझ्या धाकट्या भावाने २००३ मध्ये बेसा रस्त्यावर १० बाय १२ चा गाळा भाड्याने घेऊन प्लॉट खरेदी-विक्रीचा व्यवसाय सुरू केला. आदल्याच वर्षी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली होती आणि विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाचे नाव प्रत्येकाच्या तोंडी होते. वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंची शेते एकामागून एक ले-आउटमध्ये बदलत होती. मनीषनगरच्या रेल्वे फाटकापाशी अर्धा-अर्धा तास उभे राहावे लागे. त्या रांगेतच आम्ही कितीतरी गिऱ्हाइकांना नकाशे समजावून दिले आहेत आणि एक-दोन सौदेही तिथेच पक्के झाले आहेत.

त्या काळी नागपुरात प्लॉट घेणाऱ्याला मुख्य भीती कागदांची होती, आणि ती अगदी योग्य होती. शेतजमिनीवर अकृषक परवानगीशिवाय ले-आउट पाडून मासिक किस्तीवर प्लॉट विकण्याची पद्धत शहरात कित्येक वर्षे चालली. त्यातून ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. आजही "५७२ मधला की १९०० मधला?" असे विचारले, तर बाहेरगावच्या माणसाला काही कळत नाही, पण हे आकडे नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत ले-आउटच्या दोन याद्यांचे आहेत, आणि जुन्या नागपूरकराला त्यावरून ले-आउटची अख्खी कुंडली समजते. त्यामुळे अकृषक आदेश, मंजूर नकाशा, सातबारा आणि फेरफार हे चार कागद स्वच्छ असलेला ले-आउट मिळाला की आम्ही निश्चिंत होत असू. आम्ही फसलो ते नेमके अशाच स्वच्छ कागदांच्या एका ले-आउटमध्ये.

हे २००७ सालचे. वर्धा रोडपासून आत, ६२ प्लॉटचा तो ले-आउट होता. अकृषक आदेश होता, नकाशा मंजूर होता, रस्त्यांवर मुरूम पडलेला होता. पश्चिमेच्या रांगेतले सातही प्लॉट, प्रत्येकी ३० बाय ५० म्हणजे १५०० चौरस फुटांचे, आम्हीच विकले. डाक खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पुढच्याच वर्षी अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करून पाया खणायला घेतला. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. मजूर चार फूट खाली गेले असतील, तोच शेजारच्या शेताचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो इतकेच म्हणाला, "काकाजी, हे तं माह्या वावरात खोदून राह्यले तुमी."

भूमी अभिलेख कार्यालयाकडे तातडीच्या मोजणीचा अर्ज केला. भूकरमापक प्लेन टेबल घेऊन आले आणि दिवसभर उन्हात मोजत राहिले. मोजणी नकाशाची 'क' प्रत हाती आली, तेव्हा चूक स्पष्ट झाली. ले-आउट जमिनीवर आखताना सुरुवात खसऱ्याच्या खऱ्या कोपऱ्यापासून न करता धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका बाभळीपासून केली होती, आणि ती बाभूळ शेजाऱ्याच्या हद्दीत ११ फूट आत होती. तिच्यामुळे आखलेला सगळा ले-आउट ११ फूट पश्चिमेला सरकला होता. पूर्वेकडे तितकीच पट्टी मोकळी राहिली होती, पण ती त्या रांगेतल्या लोकांनी परसात घेतली होती आणि तिथे दोन घरेही उभी होती. मधले रस्ते झालेले होते. आता सगळे पुन्हा पूर्वेला सरकवणे शक्य नव्हते. शेजाऱ्याकडून ११ फुटांची चिंधी विकत घ्यावी, तर तुकडेबंदीचा कायदा आडवा येत होता.

त्यातला एकही कागद खोटा नव्हता. विक्रीपत्रात "पश्चिमेस खसऱ्याची हद्द" असे लिहिले होते आणि ते खरेच होते. ती हद्द कुठे आहे, हे आमच्यासह कोणीच मोजून पाहिले नव्हते. बाबा तोवर थकले होते. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "टेप कोणी धरली होती?" टेप कोणीच धरली नव्हती.

सात कुटुंबांचे प्रत्येकी ३३० चौरस फूट गेले. ले-आउटच्या मालकाने आधी हात वर केले, मग बऱ्याच फेऱ्यांनंतर निम्मी रक्कम दिली. उरलेली आम्ही दिली. त्या सात प्लॉटची दलाली तर गेलीच, शिवाय आईच्या नावावरची एक मुदत ठेव मोडावी लागली. सातही चूकदुरुस्ती पत्रे नोंदवून होईपर्यंत तीन वर्षे लागली. त्या गृहस्थांनी पायाचा खड्डा बुजवून ११ फूट अलीकडे नवा खणला आणि ३९ फुटांत घर बसवले. स्वयंपाकघर मात्र अरुंद झाले. वास्तुशांतीला त्यांनी आम्हाला बोलावले. त्यांच्या पत्नी माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. खरेदीदार स्वतः प्लॉटच्या चारही कोपऱ्यांच्या खुंटांवर उभा राहून टेपचे एक टोक धरत नाही, तोवर आम्ही इसार घेत नाही. ले-आउटच्या मालकाकडे अधिकृत मोजणी नसेल, तर त्याचे प्लॉट आम्ही दाखवतच नाही. ऐकायला हे बरे वाटते, पण धंद्याला त्याचा फटका बसला. त्या वर्षांत रविवारी सीताबर्डीहून गिऱ्हाइकांच्या गाड्या भरून निघत, साइटवर मंडपात तर्री-पोहे मिळत आणि दुपारपर्यंत वीस-वीस प्लॉटचे बुकिंग होई. आम्ही मात्र दोन माणसांना घेऊन बाभळीच्या काट्यांतून दगड शोधत फिरत असू. २०१० मध्ये आमच्याकडे महिन्याला एखादी रजिस्ट्री होत होती. भावाने दीड वर्ष दुसरीकडे नोकरी केली. पोह्यांचा विचार आमच्याही मनात येऊन गेला, हे कबूल करायला हरकत नाही.

आम्हाला तारले ते जुन्या गिऱ्हाइकांनी. प्लॉट विकला की दलालाचे काम संपते, पण घेणाऱ्याचे तिथून सुरू होते. ले-आउटमध्ये पहिले घर बांधणाऱ्याला रात्री कुत्र्यांखेरीज सोबत नसते, दूधवाला मुख्य रस्त्यावरून आत येत नाही, पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. महावितरणचा खांब मागण्यासाठी बऱ्याच जणांच्या सह्या लागतात आणि राहणारे असतात तीन. हे अर्ज आम्ही लिहून देऊ लागलो. दस्तलेखकाच्या घरात वाढल्यामुळे अर्जाची भाषा मला आपोआप येते. शहराच्या हद्दीतला विषय नागपूर सुधार प्रन्यासाचा की महापालिकेचा, हद्दीबाहेरचा ग्रामपंचायतीचा की २०१७ पासून एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), हे सामान्य माणसाला कळणे अवघड आहे. खरे सांगायचे, तर काही वेळा त्या-त्या खिडकीवरच्या माणसालाही कळत नाही.

ओपन स्पेसवरून, म्हणजे ले-आउटमध्ये सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवरून, होणारे वाद हा तर स्वतंत्र विषय आहे. एकाला तिथे मंदिर हवे असते, दुसऱ्याला समाजभवन, आणि तिसऱ्याने तोवर आपली गाडी ठेवायला शेड टाकलेली असते. आमच्या ओळखीच्या एका ले-आउटमध्ये हा वाद चार वर्षे चालला. अखेर एका तान्ह्या पोळ्याला मुलांनी आपले लाकडी बैल ओळीने नेमके त्या मोकळ्या जागेवर उभे केले, आयांनी त्यांची पूजा केली, आणि पुढच्या वर्षी शेडवाल्याने स्वतःच शेड काढली, कारण त्याच्या नातीच्या बैलाला जागा हवी होती. प्लॉट दाखवायला गेलो की आता मी आधी ओपन स्पेस दाखवते. पोरे खेळत असतील तर मला फार बोलावे लागत नाही.

पुढचा काळ सगळ्यांना ठाऊकच आहे. नोटाबंदीनंतर चार महिने फोन वाजला नाही. १ मे २०१७ पासून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आली. मार्च २०१९ मध्ये सीताबर्डी ते खापरी मेट्रो धावू लागली आणि वर्धा रोडचे दर पुन्हा हलले. २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा बावन्नाव्या वर्षी मी पोरासोरांच्या रांगेत बसून पेपर दिला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यानंतर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने दराच्या आधी नाला किती दूर आहे, हे विचारले. आम्ही नाल्यापर्यंतचे अंतरही टेपनेच मोजून दाखवतो.

मागच्या महिन्यात त्या सातांपैकी एक प्लॉट विक्रीसाठी आमच्याकडेच आला. मालकाचा मुलगा पुण्याला असतो. पश्चिमेच्या शेतातही आता घरे झाली आहेत आणि हद्दीवर विटांची भिंत आहे. घ्यायला आलेल्या तरुण दांपत्याने कागद पाहून विचारले, की बाकी सगळे १५०० चौरस फुटांचे असताना हाच ११७० चा कसा? मी त्यांना घडलेले सगळे सांगितले, चूकदुरुस्ती पत्र दाखवले आणि टेपचे एक टोक त्या मुलीच्या हातात दिले. तिने भिंतीला टेकवून धरले, रस्त्याच्या बाजूला मी खाली बसून आकडा वाचला. ३९ फूट आणि वर दोन इंच. तिचा विश्वास बसेना. तिने टोके बदलायला लावली आणि पुन्हा मोजले.